रागाची रेघ

लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून मी सकाळी सामायिकाला बसते. चटईचा एक तुकडा, जपमाळ आणि समोर स्टुलावर घड्याळ. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं. बाळंतपण, आजारपण आणि अडचणीचे दिवस सोडले तर तीस वर्षांत खंड नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे की त्या वेळात मला हाक मारायची नाही. दूधवाला आला तर हेच पातेलं घेऊन जातात.

गेल्या वर्षी आषाढात लेक पुण्याहून दहा दिवस राहायला आली होती. एका सकाळी मी डोळे उघडले तर ती दारात बसलेली, हातात चहाचा कप. म्हणाली, "आई, डोळे मिटून बसतेस तेव्हा आत काय चाललेलं असतं?"

"काय असणार? जप."

"आणि जपाच्या खाली?"

मी माळ डबीत ठेवली आणि "उठ, पोहे करू," म्हणाले. पण प्रश्न चिकटला तो चिकटलाच.

ती उगाच विचारत नव्हती. त्याआधीचं वर्ष तिचं फार वाईट गेलं होतं. रात्री अडीच-तीनला जाग यायची, छाती धडधडायची, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. दोनदा ईसीजी झाला, दोन्ही वेळा सरळ. शेवटी डॉक्टरांनीच तिला समुपदेशक बाईंकडे पाठवलं आणि त्या बाईंनी तिला माइंडफुलनेस शिकवलं. स्वस्थ बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं. विचार आला की 'विचार आला' एवढंच मनात म्हणायचं. भीती आली तर 'भीती आली'. ती शरीरात कुठे आहे ते बघायचं, घशात की पोटात. तिला हाकलायचं नाही आणि तिच्या मागे धावायचंही नाही. "विचार म्हणजे मी नाही, आई. मी तो बघणारी आहे." मोबाइलवर तिनं एक घंटासुद्धा लावून घेतली होती, छान मंद वाजायची. जॉन कबात-झिन नावाच्या एका शास्त्रज्ञानं १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुन्या दुखण्यांच्या रोग्यांसाठी हे सुरू केलं, बौद्ध ध्यानातून घेऊन, पण धर्माचं नाव न लावता. हे सगळं तिनं मला भाजी चिरता चिरता सांगितलं.

आता खरं सांगते, माझी मान ताठ झाली. म्हटलं, यात नवीन ते काय? ज्ञाता-द्रष्टा हा शब्द आमच्या बस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत असतो. कुंदकुंद आचार्यांनी समयसारात स्फटिकाचा दृष्टांत दिला आहे: स्फटिक स्वतः शुद्ध, त्याच्याजवळ लाल फूल ठेवलं तर तो लाल दिसतो, पण लाली फुलाची. तसा आत्मा जाणणारा, आणि राग-द्वेष कर्माच्या योगानं त्यात दिसणारे. पलीकडच्या तेरापंथी लोकांत आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ साली प्रेक्षाध्यान सुरू केलं, तेही बघण्याचंच. प्रेक्षा म्हणजे नीट बघणं. मी हे सगळं एका दमात तिला ऐकवलं. अमितगती आचार्यांच्या ३२ श्लोकांच्या सामायिक पाठाचंही नाव घेतलं, जो मला तोंडपाठ आहे. आमच्यात हे आधीपासून आहेच, असं म्हणून मी सुरी खाली ठेवली.

ती म्हणाली, "आहे ना? मग तू करतेस का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

जपाच्या खाली काय चाललेलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. पाटल्या.

आव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्या अशा उभ्या राहिल्याच नाहीत. तीन वर्षं दोन महिने त्या आमच्या मधल्या खोलीत अंथरुणाला होत्या. धाकटे दीर आणि जाऊ निपाणीला. ती दोघं यायची, महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या रविवारी. धाकटी आव्वांच्या केसांना तेल लावायची, बारीक वेणी घालायची, निपाणीच्या चार गोष्टी सांगून त्यांना हसवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पुढचे दोन दिवस आव्वांच्या तोंडी तीच. 'धाकटीचा हात कसा हलका आहे गं.' मी चादर बदलत असायची.

आव्वा गेल्या. सुतक फिटल्यावर नणंदांच्या समोर कपाट उघडलं, तर पाटल्यांची डबी रिकामी. चार तोळ्यांच्या जुन्या घडणीच्या पाटल्या होत्या, त्यांच्या माहेरच्या. धाकटी हळू आवाजात म्हणाली, "आव्वांनी मागल्या दिवाळीत मला घातल्या."

मला सोन्याची हाव नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते काही पूर्ण खरं नव्हतं, थोडी होतीच. पण तोंडातून गेलं ते वेगळंच. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाटल्या भरायला हात मोकळे होते तुझे. आव्वांचं अंग पुसायला मात्र हात नव्हते."

धाकटीनं काही उत्तर दिलं नाही. हातावर पदर ओढून घेतला. त्या दिवशी ती जेवली की नाही हे मी बघितलं नाही, आणि थोरली जाऊ म्हणून ते बघणं माझं काम होतं.

पुढे बोलणं तुटलं वगैरे नाही. आमच्या घरांत असं तुटत नसतं, लोक काय म्हणतील याची काळजी असते. लग्नाकार्यात भेट व्हायची, 'बरी आहेस ना', 'होय अक्का'. पाच वर्षांत पाच क्षमावाण्या झाल्या. दशलक्षणाचे दहा दिवस संपले, अनंत चतुर्दशी झाली की क्षमावाणीला मोबाइलवर ते कमळाचं चित्र आणि जाणते-अजाणतेपणी घडलेल्या चुकांचा मजकूर मी एकदम सव्वाशे जणांना पाठवायची. त्यात गॅस एजन्सीचा माणूसही होता आणि धाकटीही. तिच्याकडून जोडलेले हात यायचे. गॅसवाल्याकडूनही तेच यायचे.

लेक परत गेल्यावर मी माळ बाजूला ठेवून बसून बघितलं. पहिले काही दिवस काहीच दिसलं नाही, नुसती डुलकी. किंवा दुधाचा हिशेब, इस्त्रीचे कपडे, गॅस बंद केला का. मला वाटलं, आपलं मन म्हणजे नुसता बाजार आहे, यात बघण्यासारखं काय? पण तांदूळ निवडताना कसं होतं बघा. परात समोर घेतली की पहिल्यांदा सगळं पांढरंच दिसतं. नजर बसली की मग खडे दिसायला लागतात. खडा दिसला म्हणून आपण काही खडा होत नाही. चिमटीत धरतो आणि बाजूला ठेवतो.

तसा एक दिवस तो दिसला. राग. तो यायच्या आधी काय काय होतं हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आधी दातांवर दात बसतात. मग कानाच्या पाळ्या गरम होतात. बरगडीखाली काहीतरी मूठ आवळल्यासारखं. आणि मग वाक्यं सुरू होतात. गंमत म्हणजे वाक्यं रोज तीच. एखाद्या वकिलानं रोज त्याच कोर्टात तेच भाषण करावं तशी. सुरुवात 'तीन वर्षं दोन महिने' अशीच होते आणि शेवट 'हात नव्हते'वर. मधे कधी नणंदांचे चेहरे येतात, कधी ती रिकामी डबी. आणि न्यायाधीश मीच. रोज खटला चालतो, रोज मी जिंकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी.

मी लेकीच्या सांगण्याप्रमाणे मनात म्हणाले, 'राग आला.' आणि थबकलेच. कारण हे मला कोणी शिकवायची गरजच नव्हती, मराठी बाई आयुष्यभर हेच म्हणत असते. आपली भाषा बघा. भूक लागते, झोप येते, ताप येतो, रडू येतं, आठवण येते आणि राग येतो. ज्याला येतो तो वेगळा आणि जो येतो तो वेगळा. आमच्या शेजारच्या कन्नड काकू म्हणतात 'सिट्टु बंतु', तेही हेच: राग आला. 'मी चिडले' असंही आपण म्हणतो, नाही असं नाही. पण जास्त करून पाहुण्यासारखा 'आला'च म्हणतो. ज्या बायकांनी ही भाषा पिढ्यान् पिढ्या चुलीपुढे बोलून घडवली, त्यांना काहीतरी दिसलं असणार. आपण मात्र आलेल्याला चहा-पाणी करून ठेवून घेतो आणि वर म्हणतो, माझा स्वभावच तसा.

म्हणून काही तो लगेच गेला नाही. अशा लिखाणात पुष्कळदा वाचायला मिळतं की नुसतं बघितलं आणि राग विरघळला. माझा नाही विरघळला. फक्त तो आणि मी यांच्यात बोटभर जागा झाली. कधी कधी तीही नसायची. एकदा तर ४८ मिनिटं पुरी मी खटला चालवला आणि घड्याळ बघितल्यावर कळलं की आज आपण बसलोच नव्हतो.

लेक आली होती तेव्हा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलो होतो. बेळगावला येऊन ती बघितली नाही असा आमच्यात कोणी नसेल, पण घरच्यांचं जाणं होतंच असं नाही. १२०४ साली रट्टांच्या मंत्र्यानं, बीचिराजानं ती बांधली. आत गुळगुळीत काळे खांब, आरशासारखे, आणि वर छतातून खाली उमललेलं ते दगडी कमळ. बाहेर आमचा बेळगावी पाऊस, जो सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. लेक मान वर करून कमळ बघत होती. मी एका खांबाला टेकून नुसती बसले होते. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नी चालवली आणि पाकळीची कड अजून तशीच आहे, असं मनात आलं, आणि त्यावरून पाठशाळेतला एक धडा आठवला.

नेमिचंद्र आचार्यांच्या गोम्मटसारात रागाच्या चार रेघा सांगितल्या आहेत. आमच्या पाठशाळेच्या ताईंनी त्या परीक्षेसाठी पाठ करून घेतल्या होत्या. एक पाण्यावरची रेघ, ओढता ओढता मिटणारी. दुसरी धुळीवरची, वारा आला की जाते. तिसरी जमिनीला पडलेली भेग, पाऊस पडेपर्यंत राहते. आणि चौथी शिळेवरची. नावं अवघड आहेत: संज्वलन, प्रत्याख्यानावरण, अप्रत्याख्यानावरण, अनंतानुबंधी. पण प्रत्येकाची मुदत दिली आहे आणि ती मला नावांपेक्षा नीट आठवत होती. पाण्यावरच्या रेघेचा संस्कार राहतो अंतर्मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत. धुळीचा पंधरा दिवस. जमिनीचा सहा महिने. सहा महिन्यांच्या पुढे गेला की तो शिळेवरचा, भवामागून भव बरोबर येणारा. आणि तो आहे तोवर सम्यक्त्व नाही. म्हणजे उपवास करा, एकासन करा, यात्रा करा, पहिल्या पायरीवरच पाय नाही.

मी बोटांवर मोजलं. आव्वांना जाऊन पाच वर्षं आणि वर काही महिने झाले होते.

त्या काळ्या दगडाला पाठ लावून बसलेली मी, मला एकदम थंडी वाजली. पाऊस होताच, पण त्याची नव्हती. आजवर मी स्वतःला बरी बाई समजत होते. रात्रीचं न जेवणारी, पाणी गाळून घेणारी, तीस वर्षं सामायिक करणारी. आणि हा सगळा वेळ आत छिन्नी चालू होती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली. सामायिकाची दोन घडी आणि पाण्यावरच्या रेघेची मुदत, दोन्हींना ४८ मिनिटांचंच माप. शास्त्रात हे मुद्दाम जुळवलेलं आहे का ते जाणकारांनी सांगावं. मला आपलं वाटलं, सामायिक संपायच्या आत जी रेघ मिटली ती मिटली.

पुढची गोष्ट श्रावणातली. बसले होते. दातांवर दात आले, कान तापले, खटला सुरू झाला. तीन वर्षं दोन महिने. मी बघत होते. वाक्य शेवटापर्यंत गेलं, 'अंग पुसायला मात्र हात नव्हते', आणि ते संपतंय तोच मला चमचा ऐकू आला. स्टीलच्या वाटीवर चमचा. टण्. टण्.

आव्वांच्या उशाशी आम्ही वाटी आणि चमचा ठेवला होता. रात्री लागलं तर त्या वाजवायच्या आणि मी उठायची. एका रात्री, थंडीचे दिवस होते, वाटी वाजली. मला जाग आली. यांना आली नाही, यांना कधीच यायची नाही. मी पडून राहिले. पुन्हा वाजली. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. झोप नव्हती, मी टक्क जागी होते. मनात म्हणत होते, वाजवू देत. बोलवू देत त्या हलक्या हाताच्या सुनेला. अर्ध्या तासानं उठून गेले तर अंथरूण ओलं झालेलं आणि आव्वा कुडकुडत होत्या. मी दिवा लावला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झोप लागली होती होय गं?"

मी "होय" म्हणाले.

त्यांना कळलं होतं. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर ते कळतं. त्यांनी ते मला सोडवण्यासाठी विचारलं होतं आणि मी ती सूट घेतली. मग कोरडं पातळ, गरम पाण्याची पिशवी, सगळं केलं. पण तो अर्धा तास मी पुढे कुठे ठेवला होता, तर पाटल्यांच्या खाली. सोन्याचं वजन चार तोळे असेल, पण झाकण म्हणून चांगलं जड होतं. धाकटीच्या हातांबद्दल मी जे सगळ्यांच्या देखत बोलले, ते ज्या हातांनी पांघरूण ओढलं त्यांना उद्देशून होतं.

त्या दिवशी घड्याळाकडे बघायचं भान राहिलं नाही. हे येऊन दोनदा डोकावून गेले.

रात्री लेकीला फोन करून सांगितलं. सगळं नाही, पण पुष्कळ. ती मायेनं म्हणाली, "आई, अपराधी वाटतंय ना? ते पण नुसतं बघ. ती पण एक भावना आहे. ती म्हणजे तू नाहीस." मला खूप बरं वाटलं. दोन दिवस वाटलं.

तिसऱ्या दिवशी ते बोचायला लागलं. राग मी नाही, मान्य. अपराधीपणाही मी नाही, बरं. पण वाक्य? ते तर मीच बोलले. त्या रात्री पांघरुणात मीच होते, कोणी भावना येऊन झोपली नव्हती. राग येणं माझ्या हातात नसेल, कर्माचा उदय म्हणू या. आल्यावर जे केलं ते कोणाच्या खात्यावर मांडायचं? आव्वांना म्हणायचं का, की जी पडून राहिली ती मी नव्हे, मी नुसती बघणारी?

लेकीला दोष देत नाही. तिची गोष्ट वेगळी होती. रात्री तीनला छातीत जी भीती यायची, त्यात तिनं कोणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. भीतीला बघितलं, ओळखलं, तिथं काम झालं. आज ती नीट झोपते, आणि त्यासाठी मी त्या समुपदेशक बाईंची आणि त्या मंद घंटेचीही ऋणी आहे. पण जिथे कोणाचं तरी मन मोडलेलं आहे तिथे नुसतं बघत बसणं मला पळवाट वाटू लागली. आमच्या सामायिकाच्या जोडीला आवश्यकांमध्ये प्रतिक्रमण ठेवलं आहे. एकात बघायचं, एकात मागे फिरायचं. इतकी वर्षं मी दोन्ही पाठ म्हणून उरकली होती. आता एक थोडं जमू लागलं, तर दुसऱ्यानं दार वाजवलं.

दशलक्षण झाले. क्षमावाणीच्या दिवशी मोबाइल मी कपाटात ठेवला. यांना म्हणाले, "निपाणीला जाऊन येते."

"आज? फोन कर की."

"फोन नको."

हे काही बोलले नाहीत. छत्री आणून दिली.

गाडीत खिडकीशी बसले. संकेश्वर येईपर्यंत काय बोलायचं ते तीनदा जुळवलं आणि तीनदा त्यात माझीच बाजू निघाली. 'मी रागात बोलले, पण तूही', असं. तो वकील आमच्या आधीच निपाणीला पोचलेला. तवंदीचा घाट लागला तेव्हा हात गार पडले होते. मी मनात म्हणाले, भीती आली. मान पण आला. मान म्हणजे अहंकार, तो घशात असतो, हे मला त्या घाटात कळलं.

दार तिनंच उघडलं. दीर दुकानात होते. "अक्का? एकट्याच? बसा, मी पाणी आणतो," म्हणत ती आत वळली. मी म्हटलं, आधी थांब. उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर जमलं नसतं. "त्या दिवशी नणंदांच्या समोर मी तुला जे बोलले ते वाईट होतं. आणि खोटंही होतं. एका रात्री आव्वा वाटी वाजवत होत्या, मी जागी होते आणि उठले नाही. ते मी कोणाला सांगितलेलं नाही."

ती भिंतीला टेकली. बराच वेळ काही बोलली नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याचा आवाज पुरता विरेपर्यंत आम्ही दोघी तशाच.

मग म्हणाली, "ते वाक्य मला पाठ आहे अक्का. भांडी घासताना येतं तोंडावर. आता रोज नाही. पण येतं." आणि जरा थांबून, "राग येतो मला तुमचा. अजून येतो."

"येणारच की," मी म्हणाले.

ध्यानबिन काही मी तिला सांगितलं नाही. स्फटिक नाही आणि चार रेघाही नाहीत. ती पाणी घेऊन आली, मी प्यायले. आव्वांच्या गोष्टी निघाल्या. त्यांच्या शेवटच्या वर्षात आपल्याला यायला जमायचं नाही, कारण इकडे तिच्या आईचंही दुखणं चालू होतं, हे तिनं सांगितलं आणि ते मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. मग ती थोडी रडली. मला रडू आलं नाही, यायला हवं होतं असं वाटलं, पण आलं नाही.

साडेपाचला तिनं ताट घेतलं. "दिवस बुडायच्या आत जेवून घ्या, मग ह्यांना सांगतो गाडीवर सोडायला." ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या डाळीची आमटी, शेंगदाण्याची चटणी. माझ्यासमोर वाकून ती वाढायला लागली आणि दोन्ही हातांतल्या पाटल्या पातेल्याच्या काठावर वाजल्या. आव्वांच्या हातात असताना त्यांचा जसा आवाज यायचा, तसाच.

माझे कान तापले. दातांवर दात आले. मी ताटाकडे बघत राहिले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"आमटी वाढू का अजून?"

"अर्धी पळी."

तिनं पळीभर वाढली.